तिसरा बिंदू

६ फेब्रुवारी, गुरुवार

जमिनीखालचं पाणी सरळ रेषेत जातं का?

मला माहीत नाही. आज गावाच्या बैठकीत तांड्यावरच्या रूपाबाईंनी हे मला विचारलं आणि मी खुर्चीत बसून नुसती बघत राहिले.

खुर्चीचं आधी लिहायला हवं. पंचायतीच्या बैठकीत आजवर मी दारातून डोकावले असेन, एवढंच. आज सरपंच नर्मदाकाकूंनी हाक मारली, "उत्तमरावाची शिवकन्या कुठंय? पोरगी गणितात बी.एस्सी. झाली, पुसेगावला अकरावीला शिकवती. तिला खुर्ची द्या." बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, पण टोपी सारखी केली. आमच्या घरातलं पहिलंच पदवीधर माणूस त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलं, त्याबद्दल मी काकूंची आभारी आहे. हे लिहून ठेवते, कारण उद्या कामाच्या गडबडीत विसरेन.

प्रश्न बोअरचा होता. यंदा पंचायतीकडं एकाच बोअरपुरता निधी आहे. गावात हातपंप तरी आहे. तांड्यावर काहीच नाही. तिथल्या बाया माऊलीदादांच्या शेतात येतात, मोटार चालू असेल तेव्हा भरतात, लाईट नसेल तर रिकाम्या घागरी घेऊन परत जातात. मार्च-एप्रिलात काय होईल ते सगळ्यांना माहीत आहे.

मुंजाजीआजा आमच्या गावचे पाणाडी. तळहातावर नारळ आडवा धरून शेतातून फिरतात, नारळ उभा राहिला की खाली पाणी. त्यांचा नारळ मारुतीच्या देवळामागं उभा राहिला होता. बहुतेक जण त्यालाच हो म्हणत होते. तेवढ्यात रूपाबाई उठल्या.

"भागवतरावाच्या बोअरला पाणी हाय. माऊलीच्या बोअरला हाय. ती वळ तशीच पुढं नेली तर आमच्या तांड्याकडं येती. मंग पाणी बी तसंच येत असंल ना? बाई, तुमी शिकल्या-सवरल्या, तुमी सांगा."

"पाण्याला काय शाळेत घातलंय का वळीत चालायला," मुंजाजीआजा म्हणाले. लोक हसले. रूपाबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या.

मी म्हटलं, "पाण्याचं मला सांगता येणार नाही. पण त्या दोन बोअरमधून जाणारी रेषा पुढं नेमकी कुठं येते, ते मी काढून देते."

पहिलं वाक्य बहुतेक कोणी ऐकलं नाही. मीही दुसरंच जोरात म्हटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज मोजणी. शाळेतून तीस मीटरचा टेप आणला. टेपचं एक टोक बाबांकडं, दुसरं माझ्याकडं.

आरंभबिंदू म्हणून शाळेसमोरचा झेंड्याचा खांब धरला. पुसेगाव रस्ता तिथून सरळ पूर्वेला जातो, तो माझा क्ष-अक्ष. उत्तरेकडं य-अक्ष. एक पूर्ण टेप म्हणजे एक एकक. काटकोनासाठी दोरीला तीन-चार-पाचच्या गाठी मारल्या. बाबांना त्याचं फार कौतुक वाटलं. "हे तर सुताराचं काम," म्हणाले.

"टेप ताणून धरा बाबा, झोळ पडतोय."

"धरलाय की. तू काय नायब तहसीलदार लागून गेली का."

भागवतकाकांचा बोअर (४, ६) वर आला. माऊलीदादांचा (१६, १२) वर. दोन्ही इतके नेमके की मला भीती वाटली, म्हणून परत एकदा मोजलं. तेच.

मग बांधावर बसून मांडणी केली. चढ = (१२ − ६) भागिले (१६ − ४), म्हणजे एक द्वितीयांश. पूर्वेला दोन टेप गेलं की उत्तरेला एक टेप. य − ६ = ½ (क्ष − ४). सोपं करून: क्ष − २य + ८ = ०.

एवढंसं समीकरण, आणि त्यात सगळं शिवार. हिंगोलीला कॉलेजात विश्वंभर सर म्हणायचे, दोन बिंदू दिले की रेषा एकच, तिला दुसरा पर्याय नाही. तेव्हा मी ते परीक्षेसाठी लिहून घेतलं होतं. आज हरभऱ्याच्या वासात बसून ते मला पहिल्यांदा खरं वाटलं. सरांना फोन करून सांगायला हवं.

क्ष ला २८ दिलं तर य येतो १८. तो बिंदू तांड्याच्या कडेला, गायरानात पडतो. रूपाबाईंच्या दारातून दिसेल असा.

मी बाबांना दाखवलं. "इथून भागवतकाकांचं शेत, मग आपलं, मग माऊलीदादांचं, मग गायरान आणि तांडा."

"आपल्यातून काहून जाती?"

"मधे आहे म्हणून."

"जरा कडंनं नेता येत न्हाई का?"

"रेषा आहे बाबा, बैलगाडी नाही."

ते हसले, पण लगेच टोपी काढून तोंड पुसलं. हरभरा काढायला आलाय, लोकांच्या पायाखाली जाईल अशी धास्ती असावी. मी त्यांना म्हटलं, काळजी करू नका, खुंट्या मीच ठोकीन, सरीतून चालीन.

९ फेब्रुवारी, रविवार

मुंजाजीआजा पारावर भेटले. "काय म्हनतीया तुजी रेघ? नारळाची जागा आकड्यानं घेतली म्हनायची."

मी म्हटलं, "आजोबा, नारळ हलतो हाताच्या थरथरीनं. समीकरण कोणाच्याही हातात तेच राहतं."

त्यांनी तंबाखू मळली. "कुठून कुठून चालली म्हनं?" मी शेतांची नावं सांगितली. आमच्या शेताचं नाव आलं तेव्हा त्यांचा अंगठा थांबला. "तिथंबी माझा नारळ..." असं म्हणाले आणि मग खोकला आला. खोकला झाल्यावर विषय उन्हाचा निघाला.

म्हाताऱ्या माणसाला दुखावलं, असं वाटलं. पण अंधश्रद्धेला कुठंतरी उत्तर द्यायलाच हवं. मी शिकले ते त्याचसाठी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रेषा आखली.

झाडं आणि माऊलीदादांच्या बोअरच्या अलीकडचा त्यांचा गोठा मधे येतो, त्यामुळं एका टोकावरून दुसरं दिसत नाही. समीकरणामुळं ते दिसावं लागत नाही, ही त्याची गंमत. क्ष दोननं वाढवायचा, य एकनं, आणि खुंटी ठोकायची. मग खुंटी ते खुंटी पांढरी फक्की टाकायची, खो-खोच्या मैदानावर टाकतात तशी. माऊलीदादांच्या गोठ्याला वळसा घालून पलीकडं गेलो तर रेषा हवी तिथंच निघाली. दादा बघत उभे होते. म्हणाले, "भिंतीतून आरपार गेली की गं."

गायरानात पोचलो तेव्हा तांड्यावरच्या बाया आधीच येऊन उभ्या होत्या. (२८, १८) वर खुंटी ठोकली. रूपाबाईंनी तिला हळद-कुंकू लावलं. मला संकोच वाटला, पण नाही म्हणवेना.

"बाई, हितं पानी लागलं ना, तर पहिली घागर तुमाला."

"मला कशाला? मी घरी भरते."

"तुमच्या घरी तरी कुठं हाय," त्या म्हणाल्या. खरं आहे, आम्हीही हातपंपावरच भरतो. सगळ्या हसल्या. एकीनं मोबाईलवर फोटो काढले.

एकच गोष्ट खटकली. आमच्या शेतातली खुंटी (१०, ९) वर यायला हवी होती. तिथं दगडांचा ढीग आहे. बाबा म्हणाले, "हिथली मी ठोकतो, तू पुढं हो." मी परत आले तेव्हा पाहिलं तर खुंटी ढिगापासून चार पावलं बाजूला. मी दगड हलवू म्हटलं तर त्यांनी हात धरला. "राहू दे. इंचू हायेत खाली." मला विंचवाची भीती लहानपणापासून, ते त्यांना ठाऊक आहे. किती जपतात. पण चार पावलांची चूक ती चूकच. फक्की मी ढिगावरूनच टाकली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अकरावीच्या उजळणीचे प्रश्न काढत होते. 'पुढील तीन बिंदू एकरेषीय आहेत का ते तपासा.' नेहमीचा प्रश्न. तीन बिंदूंच्या किमती लिहिता लिहिता पेन थांबलं.

दोन बिंदूंतून रेषा जातेच. कोणत्याही दोन बिंदूंतून. भागवतकाकांचा बोअर आणि नर्मदाकाकूंचा उकिरडा घेतला तरी रेषा निघेल, समीकरण निघेल, तेही नेमकं निघेल. त्यानं पाणी रेषेत आहे हे कुठं ठरलं? ते ठरायला तिसरा बिंदू लागतो. माझ्याकडं तिसरा नाही.

पहिल्या दिवशी बैठकीत मला जे येत नव्हतं ते अजूनही येत नाही. मधे फक्त फक्की पडली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिसरा बोअर शोधत गावभर फिरले. सगळीकडं एकच उत्तर, "दोनच की. भागवतचा अन् माऊलीचा." घरी बाबांना विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "दोनच."

आई भाकरी थापत होती. तिची थाप थांबली, मग पुन्हा सुरू झाली. "जेव आधी," म्हणाली.

काकूंनी बोअरवाल्याला गायरानातल्या खुंटीची जागा सांगून ठेवलीय. पुढच्या सोमवारी, २४ तारखेला, गाडी येणार. रविवारी शेवटची बैठक. मी स्वतःला समजावलं की तिसरा बिंदू नसणं म्हणजे रेषा चूक असणं नव्हे. आणि रेषेमुळंच तर बोअर देवळामागून तांड्यावर गेला. ती चूक असली तरी भल्याकडं गेलेली चूक, असंही मनात आलं. हे मनात आलं ते लिहून ठेवते. बरं वाटत नाहीये.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मला कळलं.

माऊलीदादांकडं हळद शिजवणं चालू आहे. आई-बाबा रोजच जातात, सुट्टी म्हणून मीही गेले. शिजलेली हळद ताडपत्रीवर पसरायची, वाफ तोंडावर येते. बाबा हळद शिजवायच्या मोठ्या कुकरकडं होते. मी आईला सहज म्हटलं, "बाबांना या कामाची फार हौस. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना सुरू केलं ना त्यांनी? घरची शेती सोडून लोकांच्या हळदीवर."

आईनं हातातलं फावडं खाली ठेवलं.

"हौस," ती म्हणाली. "बोअर फेल गेल्यावर मान्साला हौसच येती."

"कुठला बोअर?"

मग ती बोलली. इकडं तिकडं न बघता, हळद पसरतच बोलली. मी हिंगोलीला होस्टेलवर असताना बाबांनी आमच्या शेतात बोअर घेतला होता. मुंजाजीआजांचा नारळ तिथंच उभा राहिला होता. आपणही हळद लावायची, असं बाबांनी ठरवलं होतं. गाडीनं दिवसभर नुसता धुराळा काढला. संध्याकाळी गाडी गेली आणि बाबांनी त्या भोकावर दगड रचले, मग बोअरचं कर्ज फेडायला लोकांच्या हळदीवर जाऊ लागले. आमच्या गावात कोरड्या गेलेल्या बोअरचं नाव कोणी काढत नाही, काढलं तर पुढचाही कोरडा जातो म्हणतात. पण बाबांचं कारण दुसरं होतं.

"तुला कळलं तर तू शिक्षन सोडून घरी येशील म्हनाले. मला शपथ घातली. फोनवर तुला काय सांगायचे? आठव."

मला आठवलं. 'पाऊस बरा हाय, सगळं बराबर हाय, तू अभ्यास कर.' दर रविवारी हेच. मला वाटायचं बाबांना फोनवर बोलता येत नाही.

"अन् आता काहून नाही सांगितलं? मी तिसरा बोअर विचारत गावभर फिरले."

"तुझी रेघ खोटी पडंल म्हून," आई म्हणाली. "पोरीला गावानं खुर्ची दिली. बाप हाय त्यो."

ताडपत्रीवर माझ्या हातातली हळद एका जागी ढीग होऊन पडली होती. आईनं ती फावड्यानं सारखी केली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बाबांबरोबर शेतात गेले. म्हटलं, दगड काढायचेत. एकेक दगड दोघांनी बाजूला केला. विंचू नव्हता. खाली पाइपाचं तोंड, त्यावर पोत्याचं बूच.

मी टेप लावला. (१०, ९). दहा वजा अठरा अधिक आठ, शून्य. रेषेवर, आणि दोन्ही बोअरच्या अगदी मध्यावर.

इकडं पाणी, तिकडं पाणी, मधे धुराळा.

बाबा बांधावर बसले. "तुझी रेघ न्हाई चुकली," ते म्हणाले. "माझी जागा चुकली असंल. मी अजून खोल गेलो असतो तर लागलं असतं."

"नाही बाबा. रेघ बरोबर आहे. रेघेखाली पाणी आहे हे मी धरून चालले, ते चूक आहे."

"मंग सांगू नको कोनाला. पुढं तांड्याला लागंल बी. कोनाला ठावं."

"लागेलही. पण नाही लागलं तर? परत निधी कधी यायचा?"

ते हरभऱ्याचे घाटे सोलू लागले. "तू सांगितलं तर देवळामागं घेतील बोअर. तांड्याला मिळायचं न्हाई. अन् तू नाही सांगितलं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मीही तिथंच अडकले आहे. खोट्या कारणानं योग्य जागी पोचलेली गोष्ट मोडायची की नाही? माझ्या पदवीचा मान राखायला बाबांनी स्वतःचा कोरडा बोअर परत एकदा पुरला. त्यावर उभं राहून मी रूपाबाईंच्या तोंडाकडं बघू शकणार नाही, एवढं कळतंय.

"बाबा, मी बैठकीत सांगू? नाव आपलं येईल."

त्यांनी सोललेले हरभरे माझ्या हातावर ओतले. "खा," म्हणाले. थोड्या वेळानं, "मी बी येतो. मागं उभा राहीन."

एवढी वर्षं मला वाटायचं मी माझ्या हिमतीवर शिकले.

२३ फेब्रुवारी, रविवार

बैठक झाली. जसं झालं तसं लिहिते.

मी खुर्चीवर बसले नाही. उभी राहून सांगितलं: रेषा बरोबर आहे, पण त्या रेषेवर पाणी आहे असं म्हणायला माझ्याकडं आधार नाही. उलट आहे. आमच्या शेतात, दोन बोअरच्या मधोमध, याच रेषेवर बाबांनी घेतलेला बोअर कोरडा आहे. उद्याची गाडी थांबवा.

मग रूपाबाई उठल्या.

"शिकलेल्या मान्साचं बरं हाय. रेघ वढली, फोटू काढले, आता म्हनं चुकलं. आमी खुटीला कुकू लावलं, ते कुनी पुसायचं?"

मी म्हटलं, "तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं तेव्हाच मला येत नव्हतं. ते मी तेव्हाच नीट सांगायला हवं होतं."

कोणीतरी मागून म्हणालं, "म्हंजी देवळामागंच. मुंजाजीबुवाचा नारळच खरा."

तेव्हा बाबा पुढं आले. बैठकीत बाबा बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं. "नारळ माझ्यातबी उभा राहिला होता," ते म्हणाले. "इचारा त्यांला."

सगळे मुंजाजीआजांकडं वळले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"राहिला होता. ताठ राहिला होता. खाली पानीच न्हाई तर नारळानं काय करावं?"

इतकं हसू उसळलं की नर्मदाकाकूंनाही पदर तोंडाला लावावा लागला. हसण्यानं काहीतरी सैल झालं. भागवतकाका म्हणाले, "आता निघालंच हाय तर माझा बी एक हाय. गोठ्यामागं. त्याच्यावर मी कडब्याची गंजी रचतो दरसाल." माऊलीदादा म्हणाले त्यांचाही एक आहे, चालू बोअरच्या आधीचा. आणखी एक, आणखी एक. बाया आपापल्या घरातले सांगू लागल्या, पुरुष त्यांना गप्प करू लागले, मग तेही सांगू लागले.

"म्हंजी इतके दिवस आपुन पाण्याचेच सांगत आलो," काकू म्हणाल्या, "धुराळ्याचे समदे पोटात." मग त्यांनी ठरवल्यासारखं टेबलावर हात ठेवला. "उद्याची गाडी येनार न्हाई. मशीन लावून जमीन तपासनारे हिंगोलीला हायेत म्हनं, त्यांला अर्ज करा. पर तपासायचं तांड्याच्या गायरानातच. मारुतीला पानी लागतंय किती? तिथं लेकरं हायेत."

"अन् तवर?" रूपाबाई म्हणाल्या. "तवर लेकरांनी अर्ज प्यायचा का?"

माऊलीदादा कान खाजवत होते. "माझे तुषार सिंचनाचे पाइप हायेत," ते म्हणाले. "हळद निघाली, आता मोकळेच पडलेत. पर तांड्यापस्तोर पुरतील का न्हाई, ठावं न्हाई. आडवंतिडवं गेलं तर न्हाईच पुरायचे."

आणि रूपाबाई माझ्याकडं वळल्या. चेहऱ्यावर राग तसाच होता.

"बाई, ती रेघ माऊलीच्या बोअरपासून आमच्या खुटीपस्तोर सरळच हाय ना?"

"हो."

"मंग खालून नसंल येत तर वरून आना की तिच्यावरून."

मी तिथंच हिशेब केला. माऊलीदादांच्या बोअरपासून बारा टेप पूर्वेला, सहा उत्तरेला. सरळ गेलं तर साडेतेरा टेपच्या आत. दादांनी पाइप मोजून सांगितले. सरळ गेले तर पुरतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गाडी आली असती तो दिवस. त्याऐवजी पाइप जोडले. मी कॉलेजला अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

फक्की अजून दिसत होती. पाइपाला पाइप लावत तिच्यावरून निघालो. अर्धे लोक तांड्यावरचे, अर्धे गावातले. कोणी मला काही विचारलं नाही. मधेच एकजण जरा कडेनं जाऊ लागला तर रूपाबाई ओरडल्या, "रेघंवर ठिव, रेघंवर. बाईनं काढलीया." त्यात टोमणा किती आणि माया किती ते मला ओळखता आलं नाही. दोन्ही असावं.

शेवटचा पाइप खुंटीच्या अलीकडं चार हात संपला. खुंटीपाशी ठेवलेली पाण्याची टाकी तेवढी अलीकडं ओढून आणली. दुपारी लाईट आली, मोटार सुरू झाली. आधी हवा आली, मग गढूळ, मग स्वच्छ. रूपाबाईंनी घागर भरली आणि माझ्यापुढं ठेवली.

"ही तुमची. बोलले होते ना."

"हे तर माऊलीदादांचं पाणी."

"मंग त्यांला दुसरी देऊ."

घागर घरी आणली. आई ती माठात ओतत होती. मी तिच्या मागं उभी राहून बघत होते, आणि मला किती लोकांचे आभार मानायचे आहेत ते मोजता येईना.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

या आठवड्यात गावच्या सगळ्या बोअरचा नकाशा काढायला घरोघर जाऊन कोरडे बोअर विचारले. टेप बाबांनीच धरला. जिथं अजून संकोच होता तिथं बाबा आधी स्वतःचा सांगायचे, मग समोरचा सांगायचा. भागवतकाकांनी कडब्याची गंजी हलवून दिली. मुंजाजीआजा बरोबर फिरले; कुठं कुठं नारळ उभा राहिला होता हे त्यांच्याइतकं कोणाला आठवत नाही. "माझ्या नावाचा बी एक रंग ठिव," म्हणाले. "हिरवा दे. मला हिरवा आवडतो."

ठिपके कागदावर आले तेव्हा त्यांतून रेषा निघत नव्हती. कोणतीच नाही. विश्वंभर सरांना फोन केला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू मला शिकवलंस आज." मी गडबडीनं फोन ठेवला. वडीलधाऱ्यांनी असं म्हटलं की काय बोलावं ते कळत नाही.

२ मार्च, रविवार

नकाशा पूर्ण झाला. पाणी लागलेले निळे, कोरडे काळे, नारळाचे हिरवी कडा घालून. गायरान तपासण्याच्या अर्जाला त्याची एक प्रत जोडली आणि परवाच हिंगोलीला जाऊन दिली. पोच मिळाली. तपासायला कधी येतील ते त्यांनी सांगितलं नाही. पाइपातून तांड्याला पाणी जातंय, लाईट असेल तेव्हा.

मोठी प्रत पंचायतीच्या भिंतीवर लावायची होती. काळ्या ठिपक्यांपुढं नावं लिहायची की नाही, यावर मी दोन दिवस अडले होते. नुसते आकडे पुरले असते. बाबांना विचारलं नाही, कारण ते हो म्हणाले असते आणि ते हो माझ्यासाठी असतं. मग काल दुपारी ते स्वतःच कागदावर वाकले, बोटानं शोधत (१०, ९) वर आले आणि म्हणाले, "हिथं काहीच लिव्हलं न्हाई. लोकांला कसं कळंल कुनाचा?"

आज सकाळी पंचायत उघडल्या उघडल्या गेले. काकूंनी खिळे दिले. नकाशा ठोकला, पेनचं टोपण काढलं आणि सगळ्यांत आधी त्या ठिपक्यापुढं लिहिलं: उत्तमराव, शिवकन्याचे वडील, कोरडा.